दोनशे सतराचा उजवा

तर त्याचं काम काय होतं माहितीये? जोड्या लावायचं! हसू नका, ऐका तर खरं. घरात गाणी ऐकायला लाकडी पेटीतले स्पीकर असतात ना, एक डावा, एक उजवा, ते बनवणारी एक छोटी कंपनी, मोजून अकरा माणसं, आणि त्यात हा. आता स्पीकर बनले की दिसायला सगळे एकसारखे. पण आवाजाला? एकही दुसऱ्यासारखा नसतो! एक खालच्या आवाजात जास्त भरतो, दुसरा वर गेला की जरासा किंचाळतो. मग हा काय करायचा, एकेकाला मोजायच्या खोलीत न्यायचा, समोर एक मीटरवर माइक उभा करायचा आणि स्पीकरमधून एक लांबच्या लांब शिट्टी सोडायचा, पार खालच्या घुमण्यापासून ते वर कानाला ऐकूच येणार नाही तिथपर्यंत. स्क्रीनवर रेघ उमटायची. अशा चाळीस रेघा झाल्या की त्यातल्या कुठल्या दोन एकमेकींवर बसतात ते शोधत बसायचं. अर्ध्या डेसिबलचा फरक चालेल, त्याच्यावर एक केसही नाही. जुळले की दोघांच्या पाठीवर एकच नंबर, एकावर ‘डा’, एकावर ‘उ’. झाली जोडी.

म्हणून ऑफिसात सगळे त्याला ‘मध्यस्थ’ म्हणायचे. वय चौतीस, आणि अजून एकटा, मग काय, बोलणाऱ्यांना तेवढंच पुरे. काउंटरवरच्या काकू तर रोज एकदा तरी ऐकवायच्याच.

“काय रे मध्यस्था, दुनियेच्या जोड्या लावतोस, स्वतःचं काय ते बघ की कधीतरी!”

“माझी रेघ फार वाकडी आहे काकू. कुणावर बसायची नाही.”

काकू खो खो हसायच्या आणि हा परत आत. आत म्हणजे त्या मोजायच्या खोलीत, जिथे चारी भिंतींना, छताला, दाराला सगळीकडे जाड फोम. टाळी वाजवली तरी ती हाताशीच मरते. आणि फोन आत न्यायचा नाही, अजिबात नाही! फोनचा बारीकसा खरखराट माइकमध्ये शिरतो. दाराबाहेर एक फळी होती, त्यावर फोन ठेवायचा आणि आत जायचं. एकदा मोजायला घेतलं की मधे उठता येत नसे, म्हणून हा जेवायला यायचा तेव्हा बाकीच्यांची ताटं धुऊन झालेली असायची. घरी तरी काय? शिंप्याच्या दुकानावरची एक खोली. खाली मशीन चालू असेपर्यंत जरा सोबत वाटायची, शिंप्यानं शटर ओढलं की संपलं. आणि गंमत बघा, दिवसभर स्पीकरशी झटणाऱ्या या माणसाच्या घरात गाणं म्हणून वाजत नसे!

तर एका मंगळवारी हा आतून बाहेर आला आणि टेबलावर एक स्पीकर. एकटाच. बरोबर दुरुस्तीचा फॉर्म. तक्रारीच्या जागी लिहिलेलं : ‘एकच आहे. दुसरा जुळवून द्यावा.’

बस, तेवढंच! पण हा फॉर्म हातात धरून जागीच उभा राहिला! कारण ते अक्षर. उंच, ताठ, जागच्या जागी उभं अक्षर. शाळेत याच्या सगळ्या वह्यांवर याचं नाव त्याच अक्षरात असायचं. त्यानं स्पीकर उलटा केला. पाठीवर दोनशे सतरा, ‘डा’. वरच्या लाकडावर चहाच्या कपाचा गोल वळ.

कपाचा वळ म्हणजे बाबांचा. अक्षर ताईचं, याच्या थोरल्या बहिणीचं, आणि स्पीकरही तिच्याकडचा. आणि दोनशे सतराचा उजवा याच्याच घरी होता, कपाटात, चादरीत गुंडाळून, वर हिवाळी कपडे रचून!

आता ते कसं झालं ते सांगतो. बाबांसाठी ही जोडी यानंच लावली होती, चाळिसातून नाही, शंभरातून निवडून. रेघा अशा बसल्या होत्या की दोन आहेत हे कळायचं नाही. बाबा सकाळी उठले की आधी स्पीकर, मग चहा, आणि कप स्पीकरवरच. ताई ओरडायची, हा ओरडायचा, बाबा म्हणायचे, “त्यालाही गरम लागू दे जरा.” मग बाबा आजारी पडले. ताई त्यांच्यापाशी, हा कामावर. आणि एका दुपारी हा चार तास आत मोजत बसला होता आणि बाहेर फळीवर त्याचा फोन वाजत होता. तेरा वेळा. बाहेर येऊन बघतो तर ताईचे तेरा कॉल, आणि बाबा गेलेले.

ताई तेव्हा एकच वाक्य बोलली. “जगातले सगळे आवाज ऐकतोस, माझाच तेवढा नाही.”

यानं ‘चुकलं’ म्हणायचं की नाही? नाही म्हणाला! उलट डोक्यात राख घालून म्हणाला, “मी काय मुद्दाम केलं का?” मग घर आवरायला दोघं आली तेव्हा वाटणी सुरू झाली. पंखा तुझा, टेबल माझं. स्पीकरपाशी आली. ताई म्हणाली, “डावा मी नेणार.” हा म्हणाला, “ने. मग उजवा माझा.” एक शहाणा माणूस तिथे असता तर त्यानं दोघांच्या थोबाडीत ठेवून दिली असती. पण शहाणा माणूस तर नुकताच गेला होता. निघाली दोघं, काखेत एकेक स्पीकर मारून, दोन दिशांना. त्याला सहा वर्षं झाली.

“काकू, हा कोणी दिला?”

“एक बाई देऊन गेल्या. टॅक्सी थांबवली होती. मी म्हटलं, थांबा, मध्यस्थाला बोलावते, तर म्हणाल्या नको, ते आत असतील, बाहेरचं ऐकू येत नाही त्यांना.” काकूंनी चष्म्यावरून बघितलं. “ओळखीच्या का रे?”

“अं? नाही. म्हणजे... बघतो.”

आणि मग त्याचं डोकं असं भणभणायला लागलं! ताईला माहीत होतं हा इथे असतो. शहरात दुरुस्तीवाले दहा होते. मग इथेच का? ही साद आहे का? की तिला खरंच फक्त स्पीकर हवाय आणि बनवणाऱ्यांकडे नेला, संपला विषय? फॉर्मवर फोन नंबर होता. त्यानं तो चार वेळा वाचला. सख्खं म्हणावं असं जगात एकच माणूस उरलेलं, ते इतकं जवळ, दहा आकड्यांवर, आणि याचा हात काही उठेना.

मग हा काम करायला लागला. दुसरं येतंय काय! ताईचा डावा आत नेला, माइक लावला, शिट्टी सोडली. रेघ बघितली आणि त्याला कळलं की हा रोज वाजलाय. स्पीकरचा पडदा वापरानं सैल होतो, खालचा आवाज मऊ होतो. तिनं सहा वर्षं एक दिवस सोडला नव्हता. मग गोदामातल्या सुट्या स्पीकरांच्या रेघा काढल्या आणि नशीब बघा, अगदी वापरून मोकळा झालेला, प्रदर्शनातून परत आलेला एक उजवा निघाला. ठेवला बाजूला. रेघ रेघेवर, चपखल! मालक डोकावून म्हणाले, “जमलं? मग शुक्रवारपर्यंत काढून टाक.”

“काढतो.”

पण दुसऱ्या दिवशी सकाळी हा बसमध्ये मांडीवर चादरीचं गाठोडं घेऊन! काकू म्हणाल्या, “लोक घरून डबा आणतात, तू काय आणलंस?” हा सरळ आत.

चादर सोडली. दोनशे सतरा, ‘उ’. त्याच्या मनात काय होतं सांगू? दोघांना शेजारी ठेवायचं, रेघा जुळलेल्या बघायच्या, आणि मग ताईला फोन करायचा की, मिळाला, मूळचाच मिळाला. तेवढंच वाक्य. रात्रभर तेवढंच घोकलं होतं त्यानं.

शिट्टी सोडली.

जुळेना.

खाली अडीच डेसिबलचा फरक! त्यानं माइक सरळ केला, पुन्हा मोजलं. अडीच. स्पीकर बोटभर मागे सरकवला, स्क्रू आवळले, श्वास रोखून पुन्हा मोजलं. अडीचच. सहा वर्षं चादरीत पडून उजवा आखडला होता. पडदा ताठ, आवाज सुका. शंभरातून निवडलेली जोडी, आणि आता परका उजवा तिच्या डाव्याला सख्ख्यापेक्षा जवळचा!

हा किती वेळ तिथे बसला कुणास ठाऊक. बाहेर आला तेव्हा जेवणाची वेळ, काउंटर रिकामं. त्यानं काउंटरवरचा फोन उचलला आणि हात थांबायच्या आत नंबर फिरवला.

“नमस्कार. स्पीकरच्या कंपनीतून बोलतोय. तुम्ही एक डावा देऊन गेला होतात.”

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाला.

“हो. बोला.”

बोला! जिनं याचं नाक पुसलं, शाळेत हात धरून नेलं, ती म्हणते बोला!

“जोडीदार मिळालाय. छान जुळतोय. शुक्रवारी नेता येईल.”

“बरं.”

“आणि... मूळचा उजवाही आहे.”

“अस्सं? फेकला नाही म्हणजे.”

“नाही. कपाटात होता.”

“सहा वर्षं? वाजवला नाही?”

“एकट्याला काय वाजवायचं.”

“मी वाजवते की. रोज सकाळी. एकटा असला म्हणून काही बिघडत नाही त्याचं.”

“रेघेवरून कळलं. तुमचा मोकळा झालाय. हा आखडलाय. आता जुळत नाहीत दोघं. मी तीनदा मोजलं.”

“न जुळणारी जोडी तुम्ही देत नाही ना?”

“नाही देत.”

“मग नवाच द्या.”

संपलं! आता ‘ठीक आहे’ म्हणायचं आणि फोन ठेवायचा, एवढंच उरलं होतं. यानं तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

“ताई, फोन बाहेर होता गं. त्या दिवशी. आत नेता येत नाही.”

“माहितीये मला.”

“तेव्हा माहीत होतं?”

“तेव्हाही माहीत होतं.”

दोघांनाही फोन ठेवता येईना.

“तो आखडलेला,” ताई म्हणाली, “सुटतो का?”

“सुटत असावा. वाजवत ठेवावा लागतो, शंभरेक तास. पण खात्री नाही.”

“मग नवा राहू दे. शंभर तास झाले की मोज आणि सांग. तोवर माझा डावा परत दे, सकाळी लागतो मला. माणूस पाठवते.” आणि ठेवता ठेवता म्हणाली, “कोपऱ्यात नको ठेवूस. एकटा असला की मधोमध ठेवायचा असतो. एवढंही कळत नाही तुला.”

शुक्रवारी खरंच माणूसच आला. ताई नाही. हा मात्र दिवसभर आत गेलाच नव्हता, काउंटरपाशी घुटमळत होता. काकूंनी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि कधी नव्हे तो चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. डावा गाडीत बसून गेला.

मालकांकडून स्पीकर चालवायला एक जुना ॲम्प्लिफायर मागून त्यानं घरी नेला. भिंतीलगतची खाट सरकवली, स्टूल मधोमध मांडलं, त्यावर उजवा ठेवला, रेडिओ जोडला. खाली शिंप्याची मशीन चालू होती. वर बातम्या, मग हवामान, मग कुठलंसं गाणं, आवाज तसाच सुका. वहीत पहिला तास लिहिला. सकाळी दोन, संध्याकाळी चार, म्हणजे सतरा दिवस. आवाज वाढवला तर पडदा लवकर सैल होतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? तरी त्यानं वाढवला नाही. फोन समोर ठेवला, आणि तो वाजला तर ऐकू येईल इतकाच रेडिओचा आवाज ठेवला.