तिसरी प्रत

लॅपटॉप भिंतीवर आदळून खाली पडला. तेवढ्याने नवऱ्याचं भागलं नाही, म्हणून त्याने वरून बुटाची टाच हाणली, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. बायको मध्ये पडली, तर तिलाही एक बसली. ओठ फुटला. कारण काय, तर तो बोलत होता आणि तिने चित्रातून मान वर काढली नाही. मुलांच्या पुस्तकांसाठी ती चित्रं काढायची आणि तिचं सगळं काम त्या लॅपटॉपमध्ये होतं.

राग ओसरला की हा माणूस लोण्याहून मऊ. त्याचा धंदाच मुळी लोकांच्या बिघडलेल्या कॉम्प्युटरमधून बुडालेल्या फायली वर काढण्याचा. घरातही तेच चाललेलं. आधी फोडायचं, मग दुकानात बसून सगळं परत मिळवून द्यायचं आणि ती कधी हसते म्हणून तिच्या तोंडाकडे बघत राहायचं. या वेळी मात्र डिस्कचाच चुरा झाला होता. त्याला खरोखर वाईट वाटलं. रडलासुद्धा.

दुपारी तो नवा लॅपटॉप आणि दोन डिस्क घेऊन आला. वरातीमागून घोडं, पण आलं एकदाचं. जेवणाच्या टेबलावर सगळं मांडून गिऱ्हाइकाला सांगावं तसं त्याने तिला सांगितलं. एक प्रत मशीनमध्ये. दुसरी कपाटातल्या डिस्कवर, ती दर रविवारी तो स्वतः करून देणार. तिसरी घराबाहेर, दुकानाच्या तिजोरीत. उद्या घराला आग लागेल, चोर येईल, पाणी शिरेल, संकटं काय सांगून येतात? बोलता बोलता तो चांगलाच रंगात आला. ती ओठाला बर्फ लावून ऐकत होती.

"तिसरी नको," ती म्हणाली.

"अगं, तीच तर खरी."

"ती मी केलीय. कधीचीच. चित्रं सगळी सुखरूप आहेत."

कुठे ठेवलीस, त्याने विचारलं. ती सांगेना. पुन्हा विचारलं, तेव्हा त्याचा आवाज चढला होता. साऱ्या गावाच्या फायली सांभाळणाऱ्या माणसापासून लपवाछपवी, आणि तीही त्याच्याच घरात! तळपायाची आग मस्तकात गेली. खुर्ची मागे कोसळली. केसांना धरून त्याने तिची मान मागे खेचली आणि हात उगारला.

तिने डोळे मिटले नाहीत.

"मार," ती म्हणाली. "याचाही फोटो तिथेच जाईल. मागच्या सगळ्यांबरोबर."

हात वरच राहिला. मागच्या सगळ्यांबरोबर. म्हणजे सकाळच्या ओठाचा असणार. मनगटाचा. डोळ्याखालचा, पाय घसरून पडले म्हणून सगळ्यांना सांगितलेला. हिने सुरुवात कुठल्या माराने केली असेल? तो पहिला आठवायला लागला. एकामागे एक आठवत गेले, त्याच्याआधीचा, त्याच्याही आधीचा. पहिला मात्र काही केल्या सापडेना.