जवळ्याचे पाणी

"झीबन!" हार्मने डाव्या हाताने चाकाच्या खुर्चीवर थाप मारली. "झीबन! झीबन!"

"कळलं रे बाबा, कळलं." गेझ्केचा हात खांद्यापर्यंत माशांच्या टाकीत बुडलेला होता. दात घासायच्या जुन्या ब्रशने ती दगडांवरचे शेवाळ खरवडत होती. "सात. सातच वड्या घातल्यात, मोजून. आता तरी गप बसशील?"

हार्म गप बसला, पण त्याचे तोंड आणखीच वाकडे झाले आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. गेझ्केने ओला हात तसाच एप्रनला पुसला. आता आणखी काय करायचे, ते तिला खरोखरच कळत नव्हते.

आमच्याकडे, जर्मनीत, सात म्हणजे झीबन. फेब्रुवारीत हार्मला झटका आला, उजवे अंग गेले आणि सारा जन्म एमडेनच्या गोदीत आरडाओरडा करत काढलेल्या माणसापाशी हा एवढा एक शब्द उरला. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "तो शब्द नुसता अडकून बसलाय, त्यात अर्थ शोधू नका." गेझ्के म्हणाली, "मग तो टाकीसमोरच कसा अडकतो हो?"

बैठकीची अर्धी भिंत त्या खाऱ्या पाण्याच्या टाकीने व्यापलेली होती. पोरगी इम्के शाळेत जायला लागली तेव्हापासून हार्मने ती जिवापाड जपली होती. अंगठ्याएवढ्या तुकड्यापासून वाढवलेले एक जांभळे प्रवाळ आता परातीएवढे झाले होते. माशांना खायला घालायचे ते पहाटे, आणि त्या वेळी गेझ्के सायकलवरून टपाल वाटत गावभर हिंडत असायची. त्यामुळे तो काय करतो, कसे करतो, हे तिने कधी पाहिलेच नव्हते. टाकी त्याची आणि बागेतले बटाटे तिचे, अशी त्यांच्या संसाराची वाटणी होती.

झटक्यानंतर दोन्ही तिच्या गळ्यात आले. झीबन म्हणत हार्म स्वयंपाकघराकडे हात करायचा. तिथे भिंतीवर घड्याळ होते. म्हणून गेझ्के सातच्या ठोक्याला खायला घालू लागली. तरी तो ओरडायचाच. मग तिला वाटले, वड्या सात हव्यात. गोठवलेल्या जवळ्याच्या सात वड्या ती चहाच्या कपात विरघळवायची आणि कप टाकीत उपडा करायची, त्या तपकिरी पाण्यासकट. मग कप विसळून तेही पाणी आत सोडायची. ती समुद्राच्या बांधाखालच्या गरीब घरात वाढलेली होती. मासळीचा रस्सा सिंकमध्ये ओतणारी बाई तिच्या आईच्या लेखी बाईच नव्हती.

हार्म मात्र कप पाहिला की पिसाळायचा. मी कमी घालतेय, त्याच्या माशांना उपाशी मारतेय असे त्याला वाटते, हेच ती धरून चालायची.

टाकीचा नाद असलेला हार्मचा जुना दोस्त फोको एके दिवशी आला. त्याने पाणी बाटलीत घेतले, त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. बाटली शाईसारखी निळी झाली.

"गेझ्के, हे पाणी आहे की खत? शेवाळाची चंगळ चाललीय!"

"मागे सुकं खाणं बंद कर म्हणालास, केलं बंद. आता फक्त जवळा घालते. हार्म घालायचा तोच."

"किती?"

"सात वड्या."

"सात? अगं, देवमासा पाळलायस का? हार्म दोनच्या वर कधी गेला नाही!"

"तोच सांगतो सात."

फोकोने आवाज खाली आणला. "हे बघ, राग मानू नकोस. त्याचं सांगणं आता तू धरून बसू नकोस."

गेझ्के ताडकन उठली. "त्याचं तोंड गेलंय, फोको. डोकं नाही गेलं. माझ्या नवऱ्याला माझ्याच घरात बसून वेडा ठरवतोस? तिसरा कप पी आणि चालता हो."

तीन कप चहा पाजल्याशिवाय आमच्याकडे वैऱ्यालाही घालवत नाहीत. फोको तिसरा कप प्यायला आणि गेला. दुसऱ्या दिवशी गेझ्केने पुन्हा सात वड्या काढल्या. सगळे जग हार्मला मोडीत काढत होते. आपण एकटीने तरी त्याचा शब्द पाळायचा, एवढेच तिच्या हाती होते.

उन्हाळा सरेपर्यंत जांभळ्या प्रवाळावर हिरव्या केसांसारखे शेवाळ माजले. ती सकाळी उपटायची आणि दोन दिवसांत ते पुन्हा हजर व्हायचे. मासे गलेलठ्ठ झाले आणि हार्म वाळत चालला. चमचा तोंडाशी नेला की तो मान फिरवायचा.

"आई, ती टाकी काढून टाक," इम्के फोनवर म्हणाली. "बाबा रोज मरण बघत बसतात गं."

"टाकी गेली की तो पण जाईल."

"आणि राहिली तर?"

गेझ्केने फोन ठेवला. कोळशाच्या खोपीत जाऊन, दार लावून ती हमसून हमसून रडली. देवा, एकच शब्द ठेवलास, मग तो समजायची अक्कल तरी मला द्यायचीस, असे ती मोठ्याने म्हणाली. शेवटी तिने हात टेकले. रविवारी येऊन मासे घेऊन जा, असे तिने स्वतःच फोकोला कळवले.

रविवारी फोको बादल्या घेऊन आला. बाबांचा दिवस जरा बरा जावा म्हणून इम्के निळसर आलुबुखारांचा केक करायला आईच्या स्वयंपाकघरात उभी होती. बादल्या पाहून हार्म ओरडलाही नाही. तो काचेला नाक लावून बसला. ते पाहवेना, म्हणून गेझ्के चहाचा डबा काढायला आत आली.

"आई," इम्केने विचारले, "हे पीठ झीबन करू की तसंच घालू?"

बाहेर धाडकन थाप पडली. "झीबन!" हार्म किंचाळला. "झीबन! झीबन!"

गेझ्केच्या हातातला डबा तसाच राहिला. आमच्या भाषेत सात म्हणजेही झीबन आणि चाळणे, गाळणे म्हणजेही झीबन. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तिलाही ठाऊक होते. तिने घड्याळाकडे पाहिले, आणि मग घड्याळाच्या बरोबर खाली असलेल्या सिंककडे पाहिले.

इम्केच्या हातातली चाळणी तिने हिसकावली. पीठ जमिनीवर सांडले.

"आई! काय झालं?"

सकाळच्या वड्या कपात विरघळलेल्या होत्या. ती कप घेऊन धावत बाहेर आली, हार्मसमोर गुडघ्यांवर बसली आणि पीठ माखलेल्या त्या चाळणीतून तिने कप बादलीत ओतला. तपकिरी पाणी खाली गेले आणि बारीक जवळा वर राहिला.

"हे?" तिने विचारले. "हार्म, हे?"

हार्मने चाळणीची कड घट्ट धरली. "झीबन," तो अगदी हळू म्हणाला.

फोको बघतच राहिला. "तू गाळत नव्हतीस? अगं, त्या पाण्यातच तर सगळं खत असतं!"

"मग बोलला का नाहीस मेल्या?"

"ते तर कोणीही करतंच. त्यात विचारायचं काय?"

टाकीखालच्या कपाटात मोडक्या दांड्याची, मासळीचा वास मारणारी एक चहाची गाळणी होती. हार्मला दवाखान्यातून घरी आणले त्याच आठवड्यात साफसफाई करताना तिने ती फेकून दिली होती, त्याच्या डोळ्यांदेखत. ते आता तिला आठवले. "मीच फेकली रे," ती म्हणत राहिली, "मीच फेकली." हार्मचा डावा हात तिच्या पाठीवरून फिरत होता. फोको रिकाम्या बादल्या घेऊन परत गेला.

त्यानंतर दोनच वड्या, नळाखाली धुतलेल्या. थंडी पडेपर्यंत शेवाळ पिवळे पडून सुटू लागले आणि उरलेले माशांनी खाल्ले. जांभळे प्रवाळ मात्र गेले ते गेलेच. हार्म जेवू लागला, त्याच्या गालांवर मांस आले.

आणि त्याचे बोलणे संपले. त्या रविवारनंतर तो शब्द त्याच्या तोंडून पुन्हा निघाला नाही. घरात शांतता झाली म्हणून गेझ्के सुरुवातीला सुखावली. मग तिला ती शांतता खायला उठली. "हार्म, किती वाजले सांग बरं," ती संध्याकाळी विचारायची. "सहानंतर काय येतं रे?" तो प्रेमाने तिच्याकडे बघत राहायचा.

"आता त्यांना सांगायचं काही उरलं नाही, आई," इम्के म्हणाली. "बरंच झालं की."

"बरं कसलं डोंबलाचं? मला हाक मारायला तरी त्याच्याकडे कुठे उरलंय काही?"

जानेवारीत एका सकाळी तिने कप घेतला आणि न गाळताच ती टाकीशी गेली. तिने कप पाण्यावर कलता धरला. तपकिरी पाणी काठाशी आले.

"हार्म, बघ, ओततेय मी," ती म्हणाली. "सगळं ओततेय हं. ओरड ना रे."

हार्मने कपाकडे पाहिलेही नाही. तिच्याकडे बघून तो अर्ध्या तोंडाने हसला आणि खिडकीतून आलेल्या उन्हाकडे तोंड करून त्याने निवांत डोळे मिटले.

गेझ्केने कप सरळ केला. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने जवळा चाळणीत ओतला. जवळा धुऊन झाला तरी त्या दिवशी नळ बराच वेळ वाहत होता.