लाथेवर चालणारं हार्वेस्टर

ऐक ना, आधी नुसतं ऐक, मधे बोलू नकोस. एका घरातली धाकटी सून. तिला सगळे धाकटीच म्हणतात. घरचं हार्वेस्टर तीच चालवते, कारण तिच्याइतकं सरळ कुणालाच चालवता येत नाही. हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त तोंडाने कुणी म्हणत नाही.

आता त्या घरात जेवताना सासरे मोजा काढतात. हो, जेवताना! पाहुणा आला की झालंच. पाय शेजारच्या खुर्चीवर ठेवायचा, दोन बोटं नसलेला पंजा हलवायचा आणि म्हणायचं, "बाकीची दोन मशीनने चाखून पाहिली." की सगळं घर खो खो हसतं. धाकटीचा घास तोंडात नुसता फिरत राहतो. लग्नाला वर्ष झालं, तरी तिला काही त्यात हसू येत नाही.

बोटं गेली कशी, ते ऐक. हार्वेस्टरच्या पुढे ते लांबरुंद हेडर असतं ना, पीक कापणारं? त्याच्यावर दोन्हीकडून रबरी पट्टे फिरतात. कापलेलं पीक मधे आणतात. मधे तिसरा पट्टा, तो ते मागे मशीनच्या तोंडात ढकलतो, आणि तोंडावर लोखंडी बोटांचा ड्रम फिरतो, तो ओढून आत घेतो. गव्हाला काही नाही, सुळकन जातो. पण मोहरी! ती एकमेकींत केस गुंतल्यासारखी गुंतते. तोंडाशी गोळा होतो. मग ह्या घरची रीत काय? पट्टे चालू ठेवायचे, हेडरच्या मागच्या आडव्या लोखंडावर चढायचं, आणि वरून गोळ्याला लाथ घालायची. मशीन बंद नाही करायचं हं! बंद करतो तो बायल्या. सासऱ्यांनी घातली, आता मोठे भाऊजी, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, घालतात. सासऱ्यांचा तो चावलेला बूट अजून शेडमध्ये खिळ्याला टांगलाय, आत काहीतरी काळं वाळलेलं. धाकटी तिकडे बघतच नाही.

आणि तो गोळा कसा असतो माहितीये? हिरवा, चिकट, माव्याच्या किडीने बुळबुळीत. त्यात चिरडलेला बेडूक, एकदा तर अर्धा उंदीर. भाऊजी तो हाताने उपसतात, हात पँटला पुसतात आणि त्याच हाताने उकडलेलं अंडं सोलून खातात. "काय गं धाकटे, खातेस?" शी! ती तोंडच फिरवते.

पण खरी धास्ती वेगळीच होती. यंदा लाथेची पाळी तिच्या नवऱ्याची, असं सासऱ्यांनी जाहीर केलेलं. "आता धाकट्याला कळू दे मशीन म्हणजे काय." आणि हिला तर रोज जेवताना तो पंजा दिसत होता. नवऱ्याचा पाय तसा व्हायला नको, बस्स, एवढंच तिच्या डोक्यात.

मग मोहरी कापायच्या पहिल्या दिवशी ती केबिनमधून, चालवता चालवता, नुसती बघत राहिली. बघता बघता लक्षात आलं, पट्टे फार जोरात फिरतायत. भाऊजींचं म्हणणं, जितका जोर तितकं पीक आत. पण होतंय काय, दोन्हीकडची मोहरी मधे येऊन धाडकन एकमेकींवर आपटते, ढीग होतो, आणि ड्रम राहतो वरच, त्याची बोटं ढिगाला पोचतच नाहीत! दुसऱ्या दिवशी सकाळी, दव वाळेपर्यंत भाऊजी चहा ढोसत होते, तेवढ्यात तिने नवऱ्याला धरलं. मशीन बंद करून दोघांनी ड्रम खाली घेतला आणि तिने केबिनमधली घुंडी फिरवून बाजूचे पट्टे हळू केले.

अगं, काय जायला लागली मोहरी! पातळ, सपाट, चादर ओढून घ्यावी तशी. सकाळभर एक गोळा नाही. नवरा खालून हात हलवून हसला. तिला वाटलं, चला, सुटलो.

पण भाऊजींचं तोंड बघ! कारल्यासारखं. "मशीन आजारी वाटतंय. आवाजच नाही." सासरे म्हणाले, "बायकी चालतंय." आणि दुपारी ही हात धुवायला गेली तेवढ्यात भाऊजींनी केबिनमध्ये जाऊन घुंडी परत पहिल्या जागी नेली, उलट थोडी पुढेच. तिने येऊन मशीन सुरू केलं, आणि घुंडीकडे नजर जायच्या आत तोंडाशी गोळा! भाऊजी टुणकन वर. लाथ. दुसरी लाथ. आणि तिसऱ्या लाथेला बूट आत!

तिने हेडर बंद केलं. कसं केलं, तिचं तिला कळलं नाही. भाऊजींचा पाय बाहेर आला, नख गेलेलं, रक्त, मोज्याला हिरवा चिखल. बूट आतच, चावलेला. ही केबिनमधून बघते, तर खाली ते काय करतायत? हसतायत! सासऱ्यांनी पाठीवर थाप मारली, "शोभतोस हो माझा!" बूट उपसून काढला, आता म्हणे तो दुसऱ्या खिळ्याला.

तिने दातओठ खाऊन घुंडी परत मागे घेतली आणि हेडर सुरू केलं. तर सासरे खालून ओरडले, "ए, वाढव ती! गोळा झाला नाही तर धाकटा लाथ कशाला घालणार?"

ऐकलंस? त्यांना पीक आत जायला नकोच होतं. त्यांना गोळा हवा होता!

आणि तिचा नवरा. ज्याने सकाळी स्वतःच्या हाताने तो ड्रम खाली घेतला, तोच बुटाची नाडी आवळत होता. चेहऱ्यावर ते घरचं, जेवतानाचं हसू. लोखंडावर चढला, काचेतून हिच्याकडे बघून बोट वर केलं. वाढव. तिला एवढी किळस ना त्या बेडकाची आली होती, ना त्या पंजाची.

तिने किल्ली काढली. सगळं गप्प. वारा सुटलेला, पिकलेल्या शेंगा तडतड फुटायला लागलेल्या, दाणे जमिनीवर. सासरे शिव्या देतायत. भाऊजी एका पायावर उड्या मारत शिडीकडे येतायत. आणि नवरा काचेला तोंड लावून म्हणतोय, "अगं एकदाच. सगळे बघतायत. माझी लाज काढू नकोस."

किल्ली तिच्या मुठीत, घामाने ओली. आता सांग. तू असतीस, तर काय केलं असतंस?