सोनाळ्याचा सरदार

चेटकिणीने मंत्र मारून सारं सोनाळा गाव राजेरजवाड्यांच्या काळात नेऊन ठेवलं. आभाळात उडणारी समता आता किल्ल्याचं अंगण झाडत होती. तिच्याबरोबर एका ताटात जेवलेला, एका हाताने ट्रक उचलणारा धम्मरत्न मात्र सरदार झाला होता. दोघांनी एकमेकांचे हात धरले की जादू मोडणार होती. फक्त त्याला जुनं आठवायला हवं होतं.

तो जवळून जाताना ती हळूच म्हणाली, "जय भीम, धम्मा."

"जय भीम," त्याच्या तोंडून आपसूक निघालं.

तिचा जीव भांड्यात पडला. तिने हात पुढे केला.

त्याने आपले हात मागे घेतले. "इथं सारे मले मुजरा करतात, समता."

"अन् मी झाडू मारून राह्यली, ते दिसत नाही तुले?"

"दिसते ना," तो खाली बघत म्हणाला, आणि त्याने पहारेकऱ्यांना हाक मारली.