जीवनसत्त्वाची बाटली

रविवारची सकाळ होती. यानताई बंदराच्या धक्क्यावरून आणलेली ताजी सुरमई बारीक चिरून झाली होती, आणि दोघी जावा सारण भरून करंज्या वळत बसल्या होत्या. त्या उकडायला चुलीवर आधण ठेवलं होतं. थोरली ग्वेइझन विधवा, शांत. धाकटी लीह्वा हातांनी चपळ, जिभेने त्याहून.

लीह्वाचं चित्त करंज्यांत नव्हतं. वसंतात थोरलीच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. अल्सर होता म्हणे. तेव्हापासून घरात जिकडेतिकडे थोरलीचेच लाड! अल्सर काय जगात कुणाला होत नाही? लीह्वाच्या गुडघ्यांनी गेली कितीतरी वर्षं उच्छाद मांडला होता, पण तिला कुणी साधा गरम पाण्याचा पेला पुढे केला नव्हता.

तेवढ्यात ग्वेइझनचा मुलगा हाइताओ आला. आईसाठी वाळवलेल्या समुद्रकाकडीचा, म्हणजे आजाऱ्याला ताकदीसाठी देतात त्या महागड्या समुद्री जिवाचा, भारी डबा, आणि काकूसाठी सफरचंदं. यानताईत सफरचंदं कुणी कुणाला देतं का? इथे ती दारोदार पडलेली असतात.

"वा रे वा! आईला दर्यातलं आणि काकूला बांधावरचं," लीह्वा म्हणाली. "चालू द्या तुमचं."

हाइताओ कसनुसा हसला आणि त्याने खिशातून एक बाटली काढून आईच्या हातात ठेवली. "आई, जीवनसत्त्वाच्या गोळ्या. थेट जपानच्या. रोज न चुकता घ्यायच्या हं."

जपानच्या! लीह्वाने करंजीची कड अशी दाबली, की करंजी फुटून सारण बाहेर आलं.

रात्री तिने नवऱ्याचं डोकं खाल्लं. देछ्यांग आधी ऐकत राहिला, मग कुशीवर वळून म्हणाला, "वहिनींवरून काही बोलू नकोस. तुला कळत नाही ते."

"मग कळू दे की!"

त्याने दिवा मालवला. त्याला सारं ठाऊक होतं. हाइताओला ठाऊक होतं, लांबच्या आत्यांनाही ठाऊक होतं. लीह्वाला सांगितलं नव्हतं, कारण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही असं सर्वानुमते ठरलं होतं. आणि जिच्या पोटात ते वाढलं होतं, तिला तर कुणीच सांगितलं नव्हतं. तिथली रीतच तशी. डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात, नातेवाईक सह्या करतात, आणि रोग्याला म्हणतात, तू फक्त खा-पी आणि आनंदात राहा. ह्याला माया म्हणतात.

दुसऱ्या दिवशी लीह्वाने थोरलीपुढे बोलून दाखवलंच. "आम्ही कुठून जपानच्या गोळ्या आणायच्या, जाऊबाई! आमची लेक तिकडे शेनझेनला, साधा फोन करत नाही."

"अगं, एवढंच ना?" ग्वेइझन हसली आणि तिने अर्ध्या गोळ्या कागदात बांधून दिल्या. "मला एवढ्या काय करायच्यात? दोघी मिळून घेऊ. पोरगा आणतोय तोवर मजा करू या."

पुढची बाटली आली, तिचीही वाटणी झाली. लीह्वा गोळी अशी तोऱ्यात गिळायची, की जणू सासूने थोरलीला दिलेली सोन्याची बांगडीच हातात आली.

मग तिच्या तळहातांची आणि तळपायांची सालं निघू लागली. तोंड आलं. पोट बिघडलं. ग्वेइझनचेही तळहात सोलले होते. हाइताओने आईला सांगितलं, भांड्यांच्या साबणाने होतंय, आणि रबरी हातमोजे आणून दिले. लीह्वाला मात्र कुणी हातमोजे दिले नाहीत. तेही तिला लागलं.

शेवटी चालवेना, तेव्हा ती थोरलीच्याच डॉक्टर लुआनबाईंकडे गेली. लुआनबाईंनी हात पाहिले, कागदाची पुडी सोडली, गोळी तळहातावर घेतली आणि त्यांचा चेहराच उतरला.

"ही जीवनसत्त्वं नाहीत. कॅन्सरचं औषध आहे हे. तुम्हाला कुणी दिलं?"

"जाऊबाईंनी. अर्धं-अर्धं घेतो आम्ही."

"अर्धं?" बाई उठून उभ्याच राहिल्या. "म्हणजे त्यांच्या पोटात इतके दिवस अर्धंच गेलं?"

देछ्यांग आणि हाइताओ धावत आले. औषध जीवनसत्त्वाच्या बाटलीत आपणच भरत होतो, असं हाइताओने कबूल केलं. बाई हाइताओवर कडाडल्या. "रोग्यांसाठीची माहितीपुस्तिका दिली होती ना तुम्हाला? त्यात मोठ्या अक्षरात लिहिलंय, तळहात सोलले तर लगेच आम्हाला कळवा. कुठे आहे ती?"

"गाडीच्या डिकीत," तो पुटपुटला. "आईच्या हाती लागली असती तर..."

"रोग्याची पुस्तिका रोग्याच्या हाती लागू नये?" बाई बोलल्या खऱ्या. पण ती पुस्तिका त्यांनीही रोग्याच्या हाती दिली नव्हती.

घरी जाताना हाइताओने हात जोडले. "काकू, आईला काही बोलू नका. ती खचेल." देछ्यांगने नुसतं डोळ्यांनी बजावलं.

ग्वेइझन दारातच उभी होती. "लीह्वा, काय म्हणाल्या डॉक्टर? आणि तुम्ही सगळे माझ्याकडे असं का बघताय?"

"काकूंना ॲलर्जी झालीय, आई."

"मी तिला विचारतेय."

लीह्वाला रडू आलं. ज्या लाडांवर ती इतके दिवस जळत होती, त्यांच्यात काय दडलं होतं ते आता तिला दिसलं. तिने पुतण्याकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडे पाहिलं नाही. "जाऊबाई, तुमच्या पोटात कॅन्सर होता. त्या गोळ्या त्याच्या होत्या. तुमचं अर्धं औषध मी खाल्लं."

देछ्यांगने कपाळावर हात मारून घेतला. ग्वेइझनने एकेकाकडे वळून पाहिलं.

"कुणाकुणाला ठाऊक होतं?"

"मी सोडून सगळ्यांना."

"म्हणजे आपण दोघी सोडून." तिने लीह्वाचा सोललेला हात आपल्या सोललेल्या हातात घेतला. मग मुलाकडे वळली. "मला ठाऊक असतं तर एक गोळी कुणाला दिली असती का रे मी? तू मला जपलंस, आणि माझं औषध माझ्याच हातून वाटून टाकलंस. जा, ती पुस्तिका घेऊन ये."

तपासणीच्या दिवशी लुआनबाईंनी दार उघडलं आणि सवयीने म्हणाल्या, "नातेवाइकांनी आधी आत या." हाइताओ उठला. ग्वेइझनने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"पोट माझं आहे, बाई. आधी मी येते. पुस्तिकेतलं बरंच मला कळलेलं नाही. ते नीट समजावून सांगा, मग जे काय असेल ते सांगा. सही मी करीन." आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

बाहेर बाकावर लीह्वा त्या बंद दाराकडे पाहत होती. पुन्हा तिला थोरलीचा हेवा वाटला, आणि ह्या वेळी त्याची लाज वाटली नाही. तिने नवऱ्याला कोपराने ढोसलं.

"अहो, उद्या मला असं काही झालं, तर मला सांगाल?"

देछ्यांगने भिंतीकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे. ती उत्तराची वाट पाहत राहिली.