पहिल्या पाण्याच्या नूडल्स

आमची रुइफेनताई त्रेचाळीस वर्षांनी सुझोऊला आली आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी म्हणाली, "आइझू, उद्या सकाळी सातच्या गाडीने निघते मी."

आठ दिवस राहायचं ठरलं होतं. मी नवी रजई शिवली होती, पर्यटकांची बोट वल्हवायच्या माझ्या पाळ्या बदलून घेतल्या होत्या. माझं डोकंच फिरलं.

सतराव्या वर्षी सरकारने तिला उत्तरेला शेतावर राबायला पाठवलं. तिकडेच लग्न, तिकडेच नातवंडं. आईच्या मर्तिकालाही बर्फात अडकली, पोचली नाही. या आठ दिवसांत आम्ही पुन्हा बहिणी होऊ, एवढीच माझी आशा होती.

आणि काय करायचं बाकी ठेवलं होतं मी? बोटीत पुढे गादीवर बसवून कालवाभर फिरवलं, पुलाखाली पर्यटकांना म्हणते ते रोजचं गाणं म्हटलं. तिने चक्क टाळ्या वाजवल्या. बागेत तिकीट काढून नेलं. जाळीच्या खिडकीतून बांबू दिसतात तिथे ती उभी राहिली आणि म्हणाली, "छान आहे." दुपारी नूडल्सच्या दुकानात मीच सांगून मोकळी झाले : मोठा वाडगा, तिखट जास्त, व्हिनेगर जास्त. उत्तरेत तसंच खातात ना. तिने मुकाट्याने संपवलं.

"काय कमी पडलं, ते तरी सांग," मी म्हटलं.

"काहीच नाही. अगं, पाहुण्यांचं इतकं कोण करतं?"

"मग?"

"मग काय? दुपारी बारा वाजता नूडल्स खायला नेतेस? त्या पाण्यात सकाळपासून तीनशे वाडग्यांच्या नूडल्स उकळलेल्या, नुसती पेज झालेली. बाबांनी कधी खाऊ घातलं असतं का तसलं? आणि वर तिखट."

"तेव्हा बोलायला काय झालं होतं? तोंड नव्हतं का तुला?"

"पाहुण्याने कसं बोलायचं?" ती म्हणाली आणि बॅग भरायला लागली.

मीही हट्टी. थांब म्हणाले नाही. रजई डोक्यावर ओढून पडले आणि स्वतःला शिव्या घातल्या.

पहाटे पाच वाजता दार वाजलं. बघते तर ताई कोट-बूट चढवून उंबऱ्यात उभी. निघालीच ही, मला वाटलं.

"लोळतेस काय अजून? ऊठ," ती म्हणाली. "पाणी गढूळ होईल."

तिची बॅग खाटेखालीच होती. मी चपला उलटसुलट घालून तिच्या मागे पळाले.

दुकानाच्या फळ्या नुकत्याच निघाल्या होत्या. आत चार-पाच म्हातारे, आणि चुलीवरच्या हंड्यातलं पाणी अजून नितळ. पोऱ्याने ताईचा उत्तरेकडचा जाड कोट बघून सरकारी भाषेत, सावकाश विचारलं, "आजी, काय घेणार?"

ताईने आमच्या गल्लीच्या बोलीत त्याला एका दमात ऐकवलं, "नूडल्स कडक, सूप भरपूर, मांसाचा तुकडा वेगळ्या बशीत, कांद्याची पात जास्त. आणि हिला पात नको, लहानपणापासून वेचून टाकते ती."

माझे डोळे भरून आले. वाफेमुळे म्हणून खपवलं.

वाडगे आले. तिने आधी सूप प्यायलं, मग मांस सुपात बुडवलं आणि त्यातला चरबीचा भाग माझ्या वाडग्यात टाकला. बाबा टाकायचे तसा. मला फार बरं वाटत होतं.

भिंतीवरच्या घड्याळात सात वाजले तेव्हा ताई पोऱ्याला समोर उभं करून भांडत होती, की याला पात जास्त म्हणतात का, आणि उद्या असं चालणार नाही.