दगडावरची मोकळी जागा

उशांगीचं थडगं परदेशात गेलं तेव्हा उशांगी आपल्या सफरचंदाच्या बागेत झाडांच्या खोडांना चुना लावत होता. खालच्या उतारावर रशियन शिपाई आले, त्यांनी एक हिरवी पाटी ठोकली, पाटीपासून ओढ्यापर्यंत काटेरी तार ओढली आणि जेवायच्या वेळेला निघून गेले. ही राज्याची सरहद्द आहे, असं पाटीवर दोन भाषांत लिहिलं होतं, आणि त्यातली एकही जॉर्जियन नव्हती. तारेच्या वर गाव राहिलं. तारेच्या खाली गावाची दफनभूमी गेली.

आता जिवंत माणसाचं थडगं कुठून आलं, तर ते त्यानंच बांधून घेतलं होतं. त्याची बायको मकवाला वारली, तेव्हा त्यानं गोरी शहरातल्या पाथरवटाकडून एक रुंद काळा दगड करून घेतला. त्यावर डावीकडे मकवालाचा चेहरा कोरला, उजवीकडे त्याचा. गावात सगळेच असं करतात. एकाच्या खर्चात दोघांचं होतं आणि मागे राहिलेल्याला आपली जागा कुठली ते कळतं. मकवालाच्या खाली दोन्ही तारखा होत्या. त्याच्या खाली जन्मतारीख, एक आडवी रेघ आणि मग गुळगुळीत मोकळी जागा. पाथरवटाला त्यानं फोटो दिला तो बेचाळिसाव्या वर्षीचा. तेव्हा त्याच्या डोक्यावर केस होते. मकवाला शेजारी परक्या पुरुषाला घेऊन झोपली आहे, अशी थट्टा गावानं वर्षभर केली.

तार आली त्याला चार वर्षं झाली होती. उशांगीच्या ओसरीवरून दगड दिसायचा. जवानीत तो त्याच रशियनांच्या फौजेत रणगाडा चालवायचा, तेव्हाची एक दुर्बीण त्याच्याकडे होती. रोज सकाळी चहा घेऊन तो ओसरीत बसे, दुर्बीण लावे आणि आधी मकवालाला बघे, मग स्वतःला. दगड जागेवर आहे याची खात्री झाली, की चहा पिई. त्याला दुसरं काम नव्हतं असं नाही, पण या कामाशिवाय त्याचा दिवस सुरू होत नसे.

तार एका जागी बसणारी नव्हती. वर्षा-दोन वर्षांनी लोक सकाळी उठून बघत, तर ती दहावीस पावलं वर सरकलेली असे. गेल्या खेपेला तिनं शेजारच्या लामाराच्या बागेतली सात झाडं गिळली, ऐन मोहोरातली. युरोपातून निरीक्षक आले. निळ्या बंड्यांतले सभ्य लोक. त्यांनी झाडं मोजली, दुर्बिणीतून पाहिलं, वहीत लिहिलं, लामाराला धीर दिला आणि गाडीत बसून गेले. लामारा म्हणाली की माझी झाडं आता वहीत आहेत, फळं तिथंच धरतील.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी आपापल्या माणसांच्या थडग्यांवर जायचं, थडग्याजवळच्या टेबलावर जेवायचं, वाइनचे चार थेंब मातीला द्यायचे आणि मंजिष्ठेच्या मुळांत उकडलेली लाल अंडी थडग्यावरून घरंगळवायची, ही तिथली रीत. मेलेल्यांना त्यावरून कळतं की ख्रिस्त उठला. तार आल्यावर गाव तारेशी उभं राहून अंडी तारेखालूनच उतारावर सोडू लागलं. उतार वाकडा. चार वर्षांत एकही अंडं बरोबर पत्त्यावर पोचलं नव्हतं. मकवालाची अंडी ओढ्यात जात, आणि गावातल्या एका सरकारी अधिकाऱ्याच्या थडग्यावर, ज्याच्याशी कुणी आयुष्यात बोललं नव्हतं, दर वर्षी पाच-सहा जमत.

गेल्या शिशिरात लामाराची सासू वारली. सासूचा नवरा खालच्या दफनभूमीत होता. प्रेत पलीकडे न्यायला परवानगी मागितली, तर उत्तर आलं की मृत व्यक्तीनं स्वतः अर्ज करावा. निदान लामारानं त्या उत्तराचा अर्थ तसा लावला. चार दिवस थांबून म्हातारीला वरच्या अंगाला, शाळेच्या मैदानामागे पुरलं. तिथं ती एकटीच होती. सबंध आयुष्य माणसांच्या गोतावळ्यात काढलेली बाई.

त्याच हिवाळ्यात गोरीच्या डॉक्टरनं उशांगीची छाती तपासली आणि त्याला विचारलं की घरी कोण कोण असतं. डॉक्टर असं विचारतो त्याचा अर्थ उशांगीला कळत होता. येत्या ईस्टरनंतरचा ईस्टर आपल्याला दिसेल असं काही नाही, हे त्यानं कुणाला न सांगता मान्य करून टाकलं. मग राहिला एकच प्रश्न. मेल्यावर तार ओलांडता येत नाही, हे म्हातारीनं दाखवून दिलं होतं. जिवंतपणी वाकून ओलांडता येते. म्हणून जिवंतपणीच एकदा जाऊन यावं, आणि पुढचं, दफनाचं, तिथंच काही जमतं का बघावं.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता, सगळ्या गावादेखत, तो टोपली घेऊन तारेशी गेला. लामारानं विचारलं, काका, कुठं निघालात? तो म्हणाला, बायकोकडे. तिला वाटलं, नेहमीसारखी अंडी सोडायला. तेवढ्यात तो आडवा झाला, आधी टोपली सारली, मग स्वतः सरकला. त्याचा कोट तारेला अडकला, तो तिनंच सोडवला. अडवायचं तिच्या ध्यानात आलं तोवर तो उतारावर होता.

थडग्याजवळ जाऊन बघतो तर टेबल पुसलेलं होतं. बाकाखाली एका डब्यात सिगारेटची थोटकं साठवलेली. गवतही कुणीतरी कापलं होतं. त्यानं पाव, बीन्स आणि वाइन मांडली, मातीला थेंब दिले, ख्रिस्त उठला असं मकवालाला सांगितलं आणि अंडं दगडाच्या कडेवरून सोडलं. ते नीट घरंगळत तिच्या पायाशी जाऊन थांबलं. मग मात्र त्याला रडू आलं. चार वर्षं साठलेलं होतं, ते चार मिनिटांत आवरेना.

लाल केसांचा एक शिपाई मागे येऊन उभा होता. त्यानं बंदूक रोखली नव्हती. तो दगडाकडे बघत होता, मग उशांगीकडे, मग पुन्हा दगडाकडे.

"तुम्ही ते आहात," शिपाई म्हणाला. "तारीख नसलेले."

उशांगीनं टोपी काढली, टक्कल दाखवलं आणि कबूल केलं. शिपाई म्हणाला की आम्ही पावसात याच टेबलाशी बसतो, तुम्ही रागावू नका. उशांगीनं त्याला अंडं दिलं. शिपायानं ते सोलून खाल्लं आणि मग त्याला अटक केली.

चौकीवरचा कॅप्टन सभ्य होता. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला आणि फॉर्म पुढे ओढला. नाव, जन्म, राहण्याचा पत्ता. उशांगीनं घर तिकडे आणि थडगं इकडे असं सांगितलं. फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता. ओळखपत्र काय, तर तेही नव्हतं. अखेर लाल केसांच्या शिपायाला बोलावून विचारलं, तेव्हा त्यानं साक्ष दिली की हा माणूस दगडावरच्या माणसाशी जुळतो, फक्त म्हातारा झालाय.

"म्हणजे तुमची आमच्या देशात जागा आहे," कॅप्टन म्हणाला.

"मी ती घेतली तेव्हा तो तुमचा देश नव्हता."

कॅप्टननं ते मनावर घेतलं नाही. त्यानं ड्रॉवरमधून दुसरा कागद काढला. त्यावर एवढंच होतं की खाली सही करणारा ही तार आंतरराष्ट्रीय सरहद्द मानतो, आपण परदेशात बेकायदा शिरलो हे कबूल करतो आणि तारेच्या या बाजूचं नागरिकत्व मागतो. सही केली की पासपोर्ट मिळेल. पासपोर्ट असला की दफनाचा परवाना आपोआप. ईस्टरला जेवायलासुद्धा येता येईल. एका म्हाताऱ्याचा प्रश्न सुटतो हे बघून त्याला मनापासून बरं वाटत असावं.

"तुमच्या लोकांची हीच अडचण आहे," तो म्हणाला. "कुणाबरोबर राहायचं ते एकदा नीट ठरवलं, की सगळं सोपं होतं."

"आम्ही ठरवलं होतं," उशांगी म्हणाला. "म्हणून तर तुम्ही आलात."

पेन त्याच्या हातात होतं. हे लपवण्यात अर्थ नाही की त्याला सही करावीशी वाटली. छातीत दुखत होतं, आणि त्या गुळगुळीत मोकळ्या जागेसाठी जगातला कुठलाही कागद त्याला त्या क्षणी स्वस्त वाटला. पण सही केली की उद्या हे लोक हा कागद निरीक्षकांना दाखवणार, आणि मग लामाराची सात झाडं वहीतूनही जाणार, हे त्याच्या रणगाडा चालवणाऱ्या डोक्यालाही कळत होतं. शिवाय मकवाला. तिला हे कळलं असतं तर तिनं त्याला शेजारी झोपू दिलं नसतं, मरणानंतरसुद्धा. त्यानं पेन टोपण लावून परत दिलं आणि चहाबद्दल आभार मानले.

त्याला नऊ दिवस तळघरात ठेवलं. खायला गव्हाच्या दलियाची पेज. दहाव्या दिवशी सरहद्दीवरच्या पुलावर आणून सोडलं. सुटताना लाल केसांच्या शिपायानं हळूच सांगितलं की गवत मी कापत राहीन.

घरी आला तर अख्खं गाव ओसरीत. लामारानं जेवण केलं होतं. जेवण म्हटलं की वाइन आली, वाइन आली की एकेकानं उभं राहून चार शब्द बोलणं आलं. सगळे बोलून झाले तेव्हा उशांगीनं डॉक्टरचं आणि कॅप्टनच्या कागदाचं, दोन्ही सांगून टाकलं. लामारा विचार करत होती. पोरगी हुशार, लहानपणापासून गणितात पुढे.

"काका, सोपं आहे," ती म्हणाली. "तुम्हाला तुमच्याच बागेत पुरू, अगदी तारेला लागून. ते काय एका जागी थांबतायत? वर्षा-दोन वर्षांत तार तुमच्या अंगावरून वर सरकेल. तुम्हाला कुठं जायला नको, परवाना नको, काही नको. आपोआप काकूच्या बाजूला."

ओसरी हसली. तार आल्यापासून गाव इतकं हसलं नव्हतं. उशांगीही हसला, ग्लास वर केला, लामाराच्या डोक्याचं कौतुक केलं. मग त्यानं ग्लास न पिताच खाली ठेवला आणि तो उतारावरच्या तारेकडे बघू लागला, तसे हसणारेही थांबले.

त्याला ते पटलं होतं, हीच भानगड होती. त्याच्या मनात हिशेबसुद्धा झाला होता, की पाच-सहा पावलं, फार तर दोन वसंत. आणि हिशेब करताना त्याच्या ध्यानात आलं, की मग मातीखाली पडून आपण दर वसंतात तार वर यायची वाट बघत बसणार. लामाराची उरलेली झाडं जावीत म्हणून. नंतर ही ओसरी. आपल्या जिवाला कधी नव्हे ते वाटेल की लवकर या रे.

"नको," तो म्हणाला. "मला वर पुरा. शाळेमागे, तुझ्या सासूशेजारी."

"एवढ्या लांब?" लामारा म्हणाली. "तिथून तर दगड दिसतसुद्धा नाही."

"लांबच बरं. मी तिथं आहे म्हटल्यावर मधली जमीन तुम्हाला सोडता यायची नाही."

लामारानं नाक पुसलं. सासूबाई घोरायच्या, एवढं आधीच सांगून ठेवते, म्हणाली. मग तिला कामाचं काहीतरी सुचलं, कारण रडायचं नसलं की तिला कामाचं सुचतं. खालच्या दगडाचं काय करायचं? तारीख कोरायला पाथरवटाला तिकडे कोण जाऊ देणार?

"राहू दे कोरी," उशांगी म्हणाला. "चौकीवाल्यांनी माझं नाव वहीत घेतलंय. दगडावर तारीख पडत नाही तोवर त्यांच्या लेखी मी जिवंत. दर ईस्टरला येईन म्हणून एक शिपाई उभा करावा लागणार. करू देत. तिला सोबत होईल."

त्यानं ग्लास रिकामा केला. लामारा भांडी गोळा करायला लागली, आणि अर्ध्यात थांबून, त्याच्याकडे न बघता तिनं विचारलं, की काकूला काय सांगायचं. ती तर रोज वाट बघत असेल.

उशांगीनं दुर्बीण उचलली. लग्नाच्या दिवशी सफरचंदांचा ट्रक चिखलात रुतला होता, तो ढकलून चर्चमध्ये पोचायला त्याला तीन तास उशीर झाला होता, आणि ती गोष्ट मकवालानं चव्वेचाळीस वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवली होती.

"तिला सवय आहे," तो म्हणाला. "मी वेळेवर कधी पोचलोय?"